गुंडावरचं पांढरं कडं

स्थिरचित्र हा चित्रकलेतला सगळ्यात खालच्या पायरीवरचा प्रकार, असं मी बरीच वर्षं मानत आलो. हे उघड बोलायची सोय नव्हती, कारण माझं पोटच त्याच्यावर चालतं. मी शाळेत कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे दिवस आले की स्टुलावर कापड टाकायचं, त्यावर सुरई, एखादं जाड पुस्तक आणि दोन वांगी मांडायची, उजेड कुठल्या अंगानं येतो ते दाखवायचं आणि मनात म्हणायचं, काढा रे पोरांनो, श्रेणी घ्या आणि मोकळे व्हा. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आईबाप मुलांना परीक्षेला बसवतात. मीही त्याकडे गुणांचा मामला म्हणूनच पाहत होतो. खरी चित्रकला घरी गेल्यावर, रात्री.

ती खरी चित्रकला म्हणजे मोठाले कॅनव्हास. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे पाहणारा म्हातारा, झाडाला लोंबणारा दोर. विदर्भात राहून चित्र काढायचं तर हेच काढायला हवं, बाकी सगळी दिवाणखान्याची सजावट, अशी माझी ठाम समजूत. आमचा जळगाव जामोद तालुका उत्तरेला सातपुड्याला टेकलेला आणि दक्षिणेला पूर्णेकडे उतरणारा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात आमचाही बराच भाग येतो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं; किडनीच्या आजारानं माणूस गेलं अशी घरं गावोगाव. त्यावर मी एक भलंमोठं चित्र केलं होतं. काळ्या भुईतून वर येणाऱ्या कवट्या, मधोमध लाल रंगातला मूत्रपिंडाचा आकार, कडेला रिकाम्या घागरी घेऊन उभ्या बाया. प्रदर्शनात लोक त्याच्यापुढं थांबले, हळहळले, फोटो काढून गेले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

त्या चित्रातल्या एकाही बाईला मी समोर बसवून पाहिलेलं नव्हतं. घागरी तर मी न बघताच काढल्या होत्या. घागर कशी असते हे काय बघायचं?

या तुच्छतेचं मूळ विचारात नव्हतं, भीतीत होतं. नागपूरला शिकत असताना एकदा आमच्यापुढं जर्मनचं पातेलं मांडलं होतं. जुनं, पोचे पडलेलं, बुडाशी काळं. आजूबाजूच्या मुलांच्या कागदावर ते हळूहळू जड होत गेलं, टेकलं, बसलं. माझं तरंगतच राहिलं. खोडलं, परत केलं, परत तेच. त्यानंतर केव्हातरी मी म्हणायला लागलो की पातेली काढणं हे काही चित्रकाराचं काम नाही. जे जमत नाही ते हलकं ठरवायची ही युक्ती मी इतक्या लवकर शिकलो, की ती युक्ती आहे हेच विसरून गेलो.

पुढं पुस्तकं वाचताना या युक्तीला मोठ्यांचा आधारही मिळाला. फ्रान्सच्या आंद्रे फेलिबियाँनं १६६७ मध्ये चित्रविषयांची उतरंड लावली होती. इतिहास-पुराणातले प्रसंग वर, मग व्यक्तिचित्रं, आणि फळं, फुलं, शिंपले तळाला. खुद्द हॉलंडमध्ये, रेम्ब्रांटचाच शिष्य असलेल्या सॅम्युएल व्हान होखस्ट्राटननं १६७८ च्या ग्रंथात स्थिरचित्रवाल्यांना कलेच्या फौजेतल्या साध्या प्याद्यांत बसवलं. हे वाचून मला केवढा आनंद झाला होता. होखस्ट्राटन स्वतः मात्र भिंतीवरच्या पट्टीत खोचलेली पत्रं, कंगवे, कात्र्या अशा रंगवायचा की पाहणाऱ्याचा हात पुढं व्हावा. ते मला त्यावेळी माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी ते सोयीनं बाजूला ठेवलं असतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय चित्रं आहेत. त्या दालनातून मी भरभर चालत बाहेर पडल्याचं आठवतं.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, प्रदर्शनं बंद. हातात फोन. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आपली चित्रं इतकी बारकाईनं बघायला खुली करून ठेवली आहेत की बोटांनी मोठं करत करत थेट ब्रशच्या केसाच्या खुणेपर्यंत जाता येतं. तिथं मला पीटर क्लास या डच चित्रकाराचं १६२७ सालचं एक चित्र दिसलं. मोठं टेबल. मागं पिसं खोचलेला टर्कीचा ‘पाय’, म्हणजे मांस भरून भाजलेला पदार्थ, शिंपल्याचा पेला, चिनी मातीच्या भांड्यात फळं, सोललेलं लिंबू, पाव, कालवं. श्रीमंताघरचा पसारा. माझ्या मनातल्या पूर्वग्रहाला अगदी पोषक. मी पुढं सरकणार, इतक्यात कोपऱ्यात एक कागदाची पुडी दिसली. पंचांगाचं छापील पान गुंडाळून केलेली. तिच्यात मीठ-मिरी.

पुडी बांधायची रीत तीच, कागदही तसलाच, आमच्याकडे जुन्या सालच्या पंचांगाच्या पानात मसाला बांधून मिळायचा तसा. मी ती मोठी करून बघत बसलो. पान दुमडलंय तिथं अक्षरं वळलेली आहेत, आणि वळताना ती आखूड झालेली आहेत. क्लासनं तेही सोडलेलं नाही. ती मिरी जावा-सुमात्राची की मलबारची, हे चित्र सांगत नाही. पण बहुधा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी आणलेली. याच कंपनीनं चित्रानंतर दहा वर्षांनी, १६३७ मध्ये, आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. मला वाटत होतं त्यापेक्षा हे टेबल आमच्या बरंच जवळ होतं.

तरी मी लगेच बदललो वगैरे काही नाही. मी ठरवलं ते एवढंच की, बघू, आपल्याला जमतं का. यातही मस्तीच होती. इतकी वर्षं मोठे विषय हाताळलेल्या माणसाला एक पेला काढायला कितीसा वेळ लागणार?

पुष्कळ लागला. विलेम हेडाच्या एका चित्राची नक्कल करायला घेतली. हेडा आणि क्लास दोघेही हार्लेम शहरातले. त्यांच्या काही चित्रांत रंग जवळजवळ नसतातच. करडा, तपकिरी, थोडा हिरवट, लिंबाच्या सालीपुरता पिवळा. बाकी सगळी उजेडाची घटवाढ. ही पद्धत अशी की कॅनव्हासला आधी तपकिरी अस्तर द्यायचं, मग अंबर रंगानं नुसता उजेड-अंधार सोडवायचा, तो वाळू द्यायचा, आणि मग त्यावर पातळ पातळ थर. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त. उलटं केलं तर पुढं तडे जातात. रंगाची चैन सगळ्यात शेवटी. मला सवय होती लाल रंगानं सुरुवात करायची. लाल लावला की लोक थांबतात. इथं लाल मागायला जागाच नव्हती, आणि लाल काढून घेतल्यावर माझ्याकडे फारसं काही उरत नाही, हे मला त्या तपकिरी कॅनव्हाससमोर कळलं.

तेलाचं एक सांगायला हवं. तैलरंगाचं तेल म्हणजे जवसाचं. आमच्याकडे जवस चटणीत. मी उत्साहानं घाणीवरचं तेल आणून त्यात रंग घोटला. तो वाळता वाळेना आणि उन्हाळ्यात त्यावर फुफाट्याचा थर बसला. जुने लोक ते तेल पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, उन्हात ठेवून मग वापरत. मी पुढं गुपचूप बाटलीतलं घेतलं. चटणी मात्र चांगली झाली.

नकला थोड्याफार जमायला लागल्या तेव्हा स्वतःची मांडणी करायची हौस आली. गावाकडं आमचं जुनं घर आहे, तालुक्याच्या पूर्णेकडच्या अंगाला. आई तिथंच राहते. स्वयंपाकघराला एकच खिडकी, उत्तरेची. दिवसभर थंड, एकसारखा उजेड. डच चित्रकार ज्या उजेडासाठी जीव टाकत तो तिथं फुकट होता. घडवंचीवर आजीच्या वेळचा पितळी गुंड. पाणी भरून ठेवायचा. त्याच्या पोटावर आणि गळ्याशी खाऱ्या पाण्याची पांढरट कडी बसलेली, एकावर एक, काही जाड, काही पुसट.

मी तो गुंड अंगणात नेला आणि चिंच लावून घासायला बसलो. हेडाचे कथलाचे जग आणि चांदीचे पेले कसे चमकतात ते डोळ्यांपुढं होतं. आई दारात येऊन उभी राहिली.

“कायले घासून राह्यला रे इतकं? पाणी तेच हाय. थे पुन्हा येईनच.”

“चित्र काढायचंय, आई.”

“मंग घास बापा,” म्हणून ती आत गेली.

गुंड सोन्यासारखा निघाला. काळ्या कापडावर मांडला, शेजारी सोललेलं संत्रं, पितळी फुलपात्र, एक कापसाचं बोंड. महिनाभर खपून चित्र केलं. गुंडाच्या पोटावर खिडकी दिसत होती, गजांसकट, आणि त्या खिडकीपुढं ब्रश धरलेला मी. क्लासच्या १६२८ च्या सुमाराच्या एका चित्रात कवटीशेजारी काचेचा गोळा आहे आणि त्यात चित्र काढणारा चित्रकार दिसतो. तीच खेळी मी केली होती. ओळखीच्यांनी वाहवा केली. “अगदी फोटो,” म्हणाले. मला ते चित्र भिंतीवर लावल्यापासून बघवेना. काय बिघडलंय ते सांगता येत नव्हतं. रेषा बरोबर, उजेड बरोबर, पितळ पितळच दिसत होतं. पण तो गुंड कुणाच्याच घरचा नव्हता. भांड्यांच्या दुकानातून उचलून आणावा तसा होता.

त्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला भाचा हट्टाला पेटला म्हणून त्याला भेंडवळला नेलं. भेंडवळ आमच्याच तालुक्यातलं. तिथली घटमांडणी महाराष्ट्रभर माहीत आहे. वाघ घराण्याकडे ती चालत आलेली, तीनशे वर्षांहून जुनी म्हणतात. शेतात गोल घट आखायचा, कडेनं अठरा धान्यं ठेवायची, त्यांत गहू, ज्वारी, तूर, तीळ, सरकी, आणि जवसही. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, भजी, वडे. खाली पानाचा विडा. घागर म्हणजे समुद्र, पुरी म्हणजे पृथ्वी, पान म्हणजे राजा, धान्यांतली भादली म्हणजे रोगराई. रात्री तिथं कुणी थांबत नाही. पहाटे येऊन काय हललं, काय विखुरलं, कुठलं ढेकूळ भिजलं ते बघायचं आणि त्यावरून पाऊस, पीक, राज्यकारभार सांगायचा. मी याची आयुष्यभर टिंगल केली. भाकितावर माझा आजही काडीचा विश्वास नाही; पावसाचं गणित ढेकळाला विचारून सुटत नाही, आणि त्यावर पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याची मला काळजीच वाटते.

पण त्या पहाटे मी भाकीत ऐकायचं सोडून बघणाऱ्यांकडे बघत राहिलो. हजारभर माणसं, विदर्भातली, खानदेशातली, मराठवाड्यातली, मान पुढं काढून एका मांडलेल्या पसाऱ्याकडे टक लावून उभी. काल संध्याकाळी हा दाणा कुठं होता, आज कुठं आहे? पुरी जागेवर आहे का? जवस आत सरकला की बाहेर? माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, धोतर-टोपीतले. ते कुणाला काही विचारत नव्हते, फक्त बघत होते. मी जन्मात एखाद्या वस्तूकडे असं पाहिलं नव्हतं. मी वस्तूंकडे जात होतो ते त्यांनी कसं दिसावं हे आधीच ठरवून. गुंडानं हेडासारखं चमकावं. बाईनं दुःखी दिसावं. जमिनीनं भेगाळावं.

परतताना गावी थांबलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि गुंडापुढं उभा राहिलो. गळ्याशी पुन्हा एक कडं धरलं होतं. अजून पातळ, दुधाळ, एका बाजूला जास्त, कारण आमची घडवंची जराशी कलती आहे. बाहेरून ओघळलेलं पाणी जिथं थांबतं, तिथं ते सुकतं आणि क्षार मागं ठेवतं. आई दिवसातून कितीदा तरी पाणी भरते, काढते, म्हणून कडीही अनेक. वान धरणावरून १४० गावांची योजना आल्यापासून ती पिण्याचं पाणी वेगळं भरते, गुंडात फक्त वापरायचं. त्याआधी हेच पाणी आम्ही सगळे पीत होतो. आजीनं हेच प्यायलं. मी घासून काढली ती कडी तिच्या वेळेपासूनची असणार.

मला तिथं खाली बसावं लागलं. खारपाणपट्ट्यावर मी सहा फुटी चित्र केलं होतं, कवट्या घातल्या होत्या, लाल ओतला होता. आणि खारपाणपट्टा माझ्याच घरी, मी रोज तोंड लावत होतो त्या भांड्यावर, वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला होता. तो मी चिंचेनं घासून, धुऊन टाकला होता. चित्र चांगलं दिसावं म्हणून. मोठ्या चित्रातल्या घागरींवरही मी एक डाग ठेवला नव्हता. त्या बाया अशा पाण्याला निघाल्या होत्या की जणू घागरी आजच बाजारातून आणल्या. कळवळा दाखवताना मला कुणाच्याच घरात डोकवावंसं वाटलं नव्हतं, याची लाज ज्या जागी वाटायची ती अंगातली जागा मला त्या दिवशी सापडली. आईला यातलं काही सांगितलं नाही. तिनं फक्त विचारलं, “का रे, उन्ह लागलं का?”

आता तो गुंड मी घासत नाही, आणि घासू देत नाही. त्याची चित्रं करतो आहे. मांडणी आटोपशीर झाली. संत्रं गेलं, बोंड गेलं. आद्रियान कोर्ते म्हणून एक डच चित्रकार होता, मिडलबर्गकडचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो दगडी कट्ट्यावर शतावरीच्या कोंबांची एक जुडी नाहीतर मूठभर रानस्ट्रॉबेरी एवढंच ठेवून, मागं काळोख सोडून चित्र करायचा. लोक त्याला विसरले होते. लॉरेन्स बोल या अभ्यासकानं १९५८ मध्ये प्रदर्शन भरवलं तेव्हा तो पुन्हा माहीत झाला. त्याच्याकडून मी वस्तू कमी करायला शिकतोय. कडं रंगवणं मात्र कुणाकडून शिकता येत नाही. पांढरा रंग लावला की तो चुना वाटतो. जवळून बघितलं तर त्यात पांढरं फार थोडं असतं: राखाडी, पिवळसर, आणि पितळेला लागून हिरवट कळक. ते चमकत नाही, त्यात मी दिसत नाही. मला वाटतं ते बरंच आहे.

एक शंका अजून मिटलेली नाही. माझा एक जुना मित्र, आंदोलनात वावरलेला, म्हणाला, “म्हणजे शेवटी तूही भांडी काढायला लागलास. माणसं मरताहेत आणि तू डागाच्या छटा मोजतोयस.” मी त्याला उडवून लावू शकलो नाही. कारण डचांच्या त्या सुंदर टेबलांचंही हेच आहे. १६२१ मध्ये त्याच डच कंपनीच्या यान पीटरझून कून यानं जायफळाच्या मक्त्यासाठी बांदा बेटांवर जे केलं, त्यात तिथली बहुतेक माणसं मारली गेली, गुलाम झाली नाहीतर पळून गेली. क्लासची पुडी त्यानंतर सहा वर्षांनी रंगवलेली. पंचांगाचं अक्षर कसं वळतं ते त्याला दिसलं. मसाला कुठून कसा येतो ते चित्रात कुठंही नाही. नीट बघणारा माणूस सगळंच बघतो असं नाही. माझ्या गुंडाच्या चित्रातही डायलिसिससाठी गाडी करून निघालेला शेजारी नाही. तो कसा यावा, यायलाच हवा का, मला कळत नाही. कवट्यांनी तो येत नाही, एवढं कळलंय.

शाळेत मात्र एक बदल केला. स्थिरचित्राच्या सरावाला मुलांना घरून एक भांडं आणायला सांगतो, न घासता. पहिल्या वेळी अर्ध्याअधिक मुलांच्या आयांनी ते घासूनच पाठवलं. शाळेत न्यायचं भांडं कळकट कसं द्यायचं? एक मुलगी काळाकुट्ट तवा घेऊन आली आणि बाकीची हसली. तिनं तो तवा काढला तो असा, की मला तिच्यापुढं माझं जर्मनचं पातेलं आठवलं. नंतर एक पालक भेटायला आले. परीक्षेत तर चकचकीत सुरई येते, मग मुलांना डागाळलेली भांडी काढायला लावून श्रेणी जाणार नाही ना, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खरं होतं. म्हणून आता शनिवारी सुरई, बुधवारी घरचं भांडं.